प्रतिसाद: बुलडॉग मुंगी चावते की डंख मारते?

दोन्ही! ऑस्ट्रेलियातली ही मोठी मुंगी आधी जबड्याने पकडते, मग पोट वाकवून नांगी खुपसते. आपल्या डोंगळ्यासारखा नुसता चिमटा नसतो. मधमाशीसारखी नांगी तुटून राहत नाही, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर तिच्याच कुळातल्या ‘जॅक जंपर’ मुंगीच्या विषाची काहींना जिवावर बेतणारी ॲलर्जी होते, तिथे त्यासाठी विषाचेच अगदी थोडे डोस देऊन शरीराला सवय लावतात.

पण मला खरी भुरळ घालतात ते तिचे डोळे. बहुतेक मुंग्या वासावर चालतात, ही बघून शिकार करते. वारुळाजवळ गेलात तर थबकते, डोकं वळवून चक्क तुमच्याकडे बघते आणि अंगावर धावून येते. रांग नाही, मदतीला हाक नाही, शिकार एकटीची. आणि एवढं करून मारलेला किडा जातो अळ्यांच्या तोंडी. स्वतः ती मुख्यतः मकरंदासारख्या गोड रसावर जगते.

अजून एक, यातल्या ‘मायर्मेशिया क्रॉसलँडी’ या ऑस्ट्रेलियन जातीत मादीच्या पेशीत गुणसूत्रांची एकच जोडी सापडली आहे. नर निषेचन न झालेल्या अंड्यातून येतो, म्हणून त्याच्याकडे फक्त एक गुणसूत्र. माणसाकडे ४६!