फाउंडेशनखाली जायचं, तर ताबा कशाकशाचा द्यायचा?

ऐरोलीकर:
मराठी शुद्धलेखन तपासणारं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आम्ही ठाणे-नवी मुंबईतले पाचजण सांभाळतो. देणग्या एकाच्या वैयक्तिक खात्यात येतात, म्हणून अमेरिकेतल्या एका पालकसंस्थेशी (प्रकल्पांचा पैसा आणि कायदेशीर बाजू सांभाळणाऱ्या फाउंडेशनशी) बोलणी चालू आहेत. करारात नाव, डोमेन आणि गिटहबची (जिथे कोड ठेवलाय त्या खात्याची) मालकी, तिन्ही मागितलंय. कुठवर द्यावं?

वागळे_इस्टेट:
नाव आणि पैसा द्या. कोड कुठला घ्यायचा, आवृत्ती कधी काढायची, कमिटचा (कोडमध्ये थेट बदल करायचा) हक्क कुणाला, हे तुमच्याकडेच राहू दे. अपाचे या मोठ्या ओपन सोर्स फाउंडेशनमध्ये साधारण हीच वाटणी आहे: ट्रेडमार्क फाउंडेशनचा, पण आवृत्ती निघते ती प्रकल्प समितीतल्या किमान तीन होकारांवर. गिटहबबाबत मात्र जपून. २०२१ मध्ये डॉट नेट फाउंडेशनने आपल्याकडचे काही प्रकल्प धड न विचारता गिटहबवरच्या आपल्या एंटरप्राइझ खात्याखाली, म्हणजे स्वतःच्या ताब्यात, नेले. एवढा गदारोळ झाला की माफी मागावी लागली. संस्थेला एक 'ओनर' (सगळे अधिकार असलेलं) खातं द्या, पण ते आणीबाणीपुरतं. एकही मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) उरला नाही किंवा खातं हॅक झालं तरच वापरायचं, असं करारात शब्दशः लिहून घ्या. आवृत्तीवर डिजिटल सही करायची गुप्त किल्ली त्यांना देऊच नका.

पामबीच_रोड:
आणि ट्रेडमार्क 'नंतर बघू' म्हणून लटकत ठेवू नका. नॅट्स हा ओपन सोर्स प्रकल्प २०१८ मध्ये सीएनसीएफकडे (लिनक्स फाउंडेशनच्या क्लाउड सॉफ्टवेअरच्या शाखेकडे) गेला, ट्रेडमार्क मात्र त्यामागच्या सिनाडिया कंपनीकडेच राहिला. २०२५ मध्ये कंपनी प्रकल्प परत मागायला आली ती याच जोरावर. मिटवामिटवीत ट्रेडमार्क लिनक्स फाउंडेशनच्या नावे झाले.

सही करण्याआधी बाहेर पडायचं कलम वाचा. ५०१(सी)(३), म्हणजे अमेरिकेतली करमुक्त धर्मादाय संस्था, शिल्लक रक्कम तुमच्या हातात ठेवू शकत नाही. ती तशाच दुसऱ्या करमुक्त संस्थेकडे वळते. तेव्हा साठ दिवसांची नोटीस, आणि पैसा जिकडे जाईल तिकडेच नाव अन् डोमेन, एवढं हवंच. देणगीतून ५ ते १० टक्के कापतात, ते रास्त आहे; हिशेबनीसही फुकट मिळत नाही.

ऐरोलीकर:
ठाण्यातच ट्रस्ट काढला तर?

वागळे_इस्टेट:
धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवा, देशातल्या देणग्यांचं भागेल. परदेशी देणगीला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी लागते. त्याच्या कायम नोंदणीसाठी आधी तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं, आणि पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. खरी मेख पुढे आहे: २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे पुढे ट्रस्टशी बिनसलं, तर कोड घेऊन बाहेर पडाल, परदेशी देणगीची शिल्लक तिथेच राहील.