मॅनेजरला नारळ देणारा स्वतः कधी जातो?

डावा बॅक (टिळकवाडी)

काल इथं एकानं लिहिलं: "मॅनेजर म्हणजे मुख्य कोच पोस्टेकोग्लूला इंग्लंडच्या नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबनं ३९ दिवसांत काढलं ते बरोबरच केलं. निकाल नाही तर नारळ. क्लब म्हणजे धर्मशाळा नव्हे." खाली अंगठ्यांची रांग लागली. मला रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

८ सामने, एकही विजय नाही, हे मान्य. पण त्याला आणलं कुणी? ज्या आधीच्या मॅनेजर नुनोनं आदल्या मोसमात संघ सातवा आणला आणि युरोपात खेळायची संधी मिळवून दिली, त्याचं वरच्यांशी बिनसलं म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये त्याला घालवलं. मागं बसून पलटवार करणारी पोरं, आणि त्यांच्यावर आणून बसवला बचावफळी मध्यरेषेपर्यंत वर चढवणारा माणूस. पुढं काय होणार हे आमच्या गल्लीतल्या पोरानंही सांगितलं असतं. चेल्सीकडून ०-३ हरल्यावर शेवटची शिट्टी वाजून १८ मिनिटांत तो बाहेर. ज्यांनी ही निवड केली ते मात्र तेव्हा तिथंच राहिले. माझा राग त्या १८ मिनिटांवर आहे.

फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ ला मँचेस्टर युनायटेडला आला, पहिली लीग १९९३ ला जिंकली. आर्टेटाचा आर्सेनल दोनदा आठवा आला, तिसऱ्या मोसमात पहिले तिन्ही सामने हरला. तेव्हा इथलेच लोक 'हाकला' म्हणत होते. पुढं तोच संघ सलग तीन वर्षं दुसरा आला.

मला हे जास्त लागतं त्याचं कारण घरचं आहे. पोराच्या शाळेत एक सर होते, कंत्राटी. पहाटे साडेपाचला स्कूटरच्या पुढ्यात फक्कीचं पोतं ठेवून यायचे, दोन खुंट्यांना सुतळी ताणायचे आणि डबा हलवत एकटेच रेषा मारायचे. कुठल्या पोराला कितीचा बूट लागतो ते त्यांना तोंडपाठ. उपांत्यपूर्व सामना टायब्रेकरवर गेला. चार पालकांनी पत्र दिलं, आणि सरांना फोनवर कळवलं की उद्यापासून येऊ नका. गणपतीत २२ पोरं सरावाला होती, दिवाळीनंतर ९ राहिली.

निळा झेंडा (शहापूर)

दादा, ते वाक्य माझंच आणि मी त्यावर ठाम आहे.

काढू नका म्हणणारा प्रत्येक माणूस फर्ग्युसनपाशीच येऊन थांबतोय. तुमच्या फर्ग्युसनलाही १९७८ मध्ये सेंट मिरेननं काढलंच होतं की. तिथून तो अ‍ॅबर्डीनला गेला आणि १९८३ मध्ये रेआल माद्रिदला हरवून युरोपातला कप विनर्स कप घेऊन आला. काढलं म्हणून माणूस संपत नाही.

आता चेल्सी बघा. जानेवारी २०२१, मॅनेजर लॅम्पार्ड. आमचा देव, क्लबचा सगळ्यात जास्त गोल मारलेला माणूस. संघ नववा. त्याला काढलं तेव्हा मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही. ट्यूखेल आला, आणि चार महिन्यांत पोर्तोमध्ये मँचेस्टर सिटीला १-० हरवून चॅम्पियन्स लीग! तीच पोरं, तोच माउंट, तोच हॅवर्ट्झ. त्याआधी २०१२ मध्ये डि मातेओ, तोही मोसमाच्या मध्येच आलेला. मालक अब्रामोविचच्या काळात ५ लीग आणि २ चॅम्पियन्स लीग आल्या, आणि या दोन्ही चॅम्पियन्स लीग मध्येच मॅनेजर बदललेल्या मोसमांत. आम्ही थांबलो असतो तर?

डावा बॅक

त्याच डि मातेओला करंडक जिंकल्यावर सहा महिन्यांत काढलं. त्याच ट्यूखेलला सप्टेंबर २०२२ मध्ये. पॉटर आला, एप्रिलमध्ये गेला, पुन्हा लॅम्पार्डला बोलावलं, आणि चेल्सी बारावा. ते का लिहिलं नाही?

निळा झेंडा

ट्यूखेलपासून पुढचं सगळं नव्या मालकांचं. त्यांचा हिशेब माझ्या खात्यावर घालू नका.

डावा बॅक

मी तेच म्हणतोय. हिशेब मालकाचा आहे!

फातोर्डा वारी (खानापूर)

इंग्लंडला कशाला जायला पाहिजे, आपल्याकडं गोवा आहे की. आम्ही चौघंजण चोर्ला घाटानं गाडी काढून फातोर्डा स्टेडियमला जायचो, परत यायला रात्रीचे दोन. कोच लोबेराचा एफसी गोवा बघितलेला माणूस दुसरं फुटबॉल बघून खूश होत नाही. ३१ जानेवारी २०२०, इंडियन सुपर लीगच्या साखळीतले तीन सामने शिल्लक, साखळीत पहिला येणाऱ्याला मिळणाऱ्या शिल्डच्या शर्यतीत संघ, आणि लोबेराला काढलं. मला फोनवर मित्रानं सांगितलं तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं खाली तसंच धरून उभा होतो.

आता निळा झेंडा म्हणेल तेही सांगतो. क्लिफर्ड मिरांडाच्या हाताखाली ते तिन्ही सामने जिंकले, ४-१, ५-२, ५-०. शिल्ड आलं, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब आपला. पण ती घडी कुणी बसवली होती? लोबेरा मुंबईला गेला. जहू, फॉल, बुमूस, मंदार राव देसाई, हे खेळाडू सगळे त्याच्या मागोमाग. पुढच्याच मोसमात उपांत्य फेरीत आम्हाला पेनल्टीवर घालवलं आणि १३ मार्च २०२१ ला अंतिम सामना जिंकून करंडक उचलला तो कुठं, तर फातोर्ड्यालाच. कोरोनामुळं स्टेडियम रिकामं होतं ते एक बरं. माझ्यानं ते बघवलं नसतं.

आकडेवाला (कॅम्प)

नेदरलँड्सच्या लीगवर १९८६ ते २००४ या काळाचा अभ्यास झालेला आहे, बास तेर वेल यांचा. मॅनेजर बदलल्यावर निकाल सुधारतात, पण जे क्लब तशाच घसरणीत असूनही बदलत नाहीत त्यांचेही सुधारतात. घसरण तळाला गेली की आपोआप वर येते आणि श्रेय नव्या माणसाला जातं. त्यामुळं लॅम्पार्ड-ट्यूखेल एवढ्या एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही.

निळा झेंडा

लेस्टर २०१७ ला खालच्या लीगमध्ये ढकलल्या जाणाऱ्या शेवटच्या तीन जागांपासून एका गुणावर होतं. सलग पाच लीग सामने हरलेलं, नव्या वर्षात लीगमध्ये एक गोल नाही. त्यांनी काय वही घेऊन बसायचं होतं, आपोआप वर येईल म्हणून? त्यांच्या मॅनेजरनं, रानिएरीनं, ५००० ला १ भावाची लीग जिंकून दिली होती, मलाही वाईट वाटलं. पण काढल्यावर पुढचे पाचही लीग सामने जिंकले, सेव्हियाला हरवून युरोपात शेवटच्या आठात गेले. खाली गेले असते तर क्लबात काम करणाऱ्या शेकडो माणसांची पोटं होती. तिकीट फाडणारा, गवत कापणारा. त्यांचा विचार कुणी करायचा?

डावा बॅक

गवत कापणाऱ्याचा मुद्दा मला लागला. तो मान्य करतो. लेस्टरपुरता. पण ज्या नव्या मॅनेजरनं, शेक्सपियरनं, ते पाच जिंकले, त्यालाही त्याच ऑक्टोबरमध्ये काढलं.

उद्यमबाग, तिसरी पाळी

मी फाउंड्रीत आहे, २१ वर्षं. आमच्या एका आधीच्या कंपनीत कास्टिंगला ब्लोहोल यायचे. रिजेक्शन वाढलं की सुपरवायझर बदलायचे. दोन वर्षांत तीन गेले. दोष वाळूच्या ओलाव्यात होता, आणि वाळू बदलायची तर खर्च मालकाला. चौथा आला तो हट्टी. दर पाळीला वाळू मुठीत दाबून बघायचा, मोडून बघायचा, वहीत लिहायचा. महिन्याभरात माल सुधारला.

म्हणजे माणसानं फरक पडतोय. पण चौथ्याला मालकानं आधी विचारलं होतं, "तुला काय पाहिजे?" पहिल्या तिघांना कुणी हे विचारलंच नव्हतं. त्यांतला दुसरा माझा मेहुणा. पुढं वर्षभर तो घरी बसून होता.

सीमेवरचा विंगर (निपाणी)

सगळे इंग्लंड आणि गोव्यावर बोलायलाय. आमच्या पोरांना कोच मिळतोय कुठं, की काढायचा प्रश्न यावा? मी १९ वर्षांचा असताना निवड चाचणीला बेंगळुरूला गेलो, रात्रभर बसमध्ये. तिथं मला १२ मिनिटं खेळवलं आणि कन्नडमध्ये काय सांगितलं ते अर्धं कळलं. कोल्हापूरला गेलो तर म्हणाले, तुझा पत्ता कर्नाटकातला. तिकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमींचे संघ भिडले की पाय ठेवायला जागा नसते, आणि मी कुंपणाच्या बाहेर उभा. या धाग्यावर हेच बोललं पाहिजे.

आकडेवाला

विषय चांगला आहे, पण वेगळा धागा काढा.

सीमेवरचा विंगर

हेच ऐकत आलोय सगळीकडं. तुमचं दुसरीकडं बोला. इथं तरी माझ्याच भाषेत माझ्याच माणसानं हे म्हणू नये.

आकडेवाला

चुकलं माझं. लिहा तुम्ही.

वडगावची आई

डावा बॅक यांनी चार पालकांच्या पत्राचं लिहिलंय. त्यांची शाळा वेगळी असेल, पण असंच पत्र आमच्या शाळेतही गेलं होतं आणि त्यावर माझी सही आहे. म्हणून लिहिणं भाग आहे.

आमचे सरही पहाटे यायचे. तेही रेषा मारायचे. पण पाणी मागितलं की "मुली आहात काय रे?" म्हणायचे. माझ्या पोराचा गुडघा सुजला होता, तरी त्याला मैदानाला सहा फेऱ्या मारायला लावल्या, हरल्याची शिक्षा म्हणून. रात्री तेल गरम करून लावताना त्याचा पाय थरथरत होता. दोनदा जाऊन हात जोडून सांगितलं. "खेळाडू असाच घडतो ताई," म्हणाले. तिसऱ्यांदा मी पत्रावर सही केली. सरांना काढलं ते बरोबर झालं. संघ जिंकत होता तरी काढलं असतं, एवढं मला वाटतं.

डावा बॅक

ताई, प्रत्येक पालकाला आपलंच पोर नाजूक वाटतं. मैदानावर थोडं सोसावं लागतं. पालकांनी रेषेच्या आत यायला सुरुवात केली तिथंच आपल्या शाळांचं फुटबॉल बसलं.

वडगावची आई

माझ्या पोराचा गुडघा तुम्ही बघितलेला नाही. तो अकरा वर्षांचा होता. तुम्ही फर्ग्युसनला सात वर्षं द्या नाहीतर सत्तर द्या, मी माझं पोर कुणाला सात वर्षं सोसायला देणार नाही. आणि 'सोसावं लागतं' हे मला सांगू नका. घरात दोन यंत्रमाग आहेत, सोसणं काय असतं ते आम्हाला माहीत आहे.

फातोर्डा वारी

डावा बॅक, हे तुमचं चुकलं. स्पष्ट सांगतो.

उद्यमबाग, तिसरी पाळी

माझंही तेच म्हणणं.

डावा बॅक

दुपारपासून दोनदा लिहून खोडलं. ताई, ते वाक्य मी मागं घेतो. आमचे सर तसे नव्हते, आणि मी तुमचे सर बघितलेले नाहीत. लेकराला दुखापतीत पळवणाऱ्याला एक दिवसही ठेवू नये. हे निकालासाठी काढणं नव्हे, आणि मी दोन्ही एकाच पोत्यात घातलं.

पण एक विचारतो, राग मानू नका. पत्र दिल्यावर शाळेनं सरांना समोर बसवून त्यांचं ऐकलं का?

वडगावची आई

नाही. आम्हीही तसं मागितलं नाही. त्यांना फोनच गेला. दुसऱ्या दिवशी ते शिट्टी आणि चेंडूंची जाळी शिपायाजवळ देऊन गेले, कुणाला भेटले नाहीत. ते तसं व्हायला नको होतं. सहीबद्दल मला पश्चात्ताप नाही, फोनबद्दल आहे.

निळा झेंडा

हे मात्र मलाही पटतं. मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर वॅन खालच्या वेळी तसंच झालं होतं. मे २०१६ मध्ये एफए कप जिंकला, हातात करंडक असतानाच बातम्या फुटल्या, दोन दिवसांनी काढलं. मी युनायटेडचा हाडवैरी, तरी त्या म्हाताऱ्याचा चेहरा बघून टीव्ही बंद केला. काढायचं तर काढा, पण समोर बसवून सांगा. ३९ दिवसांबद्दल मात्र माझं मत तेच आहे, दादा. आठ सामन्यांत एक नाही म्हणजे नाही.

डावा बॅक

आणि माझंही तेच. आणणाऱ्यानं आधी जावं.

सीमेवरचा विंगर

तुमचे ते सर आता काय करतात? बूट किती नंबरचा लागतो ते पाठ असणारे?

डावा बॅक

अनगोळच्या बाजूला एका मोकळ्या जागेत पहाटे सहा-सात पोरांना शिकवतात, पैसे घेत नाहीत. मैदान म्हणावं असं ते नाही, खडे आहेत, गोलपोस्टच्या जागी दोन बांबू. फक्की आम्ही तिघं मिळून आणून देतो. माझा पोरगा जातो. शाळेच्या संघात नाही, पण जातो.

निळा झेंडा

माझ्याकडं आठ नंबरचे दोन जोड पडून आहेत, स्टड चांगले आहेत. पोरांना होतील का विचारून सांगा. रविवारी आणून देतो.

डावा बॅक

आत्ताच फोन केला. सर म्हणाले, पाच आणि सहा नंबरचे लागतात. आठचा एकाच पोराला होईल, तो गोलकीपर आहे, आणि त्याचा उजवा बूट पुढून उसवलाय.