कुत्र्याच्या पिक्चरमधी घर कुणाचं असतं?

लातूरची_माय
नमस्कार. रविवारी घरी सगळ्यांनी मिळून डिस्नेचा 'लेडी अँड द ट्रॅम्प' बघितला, १९५५ चा कार्टूनवाला नाही, २०१९ चा, खऱ्या कुत्र्यांचा. माझी पोरगी सात वर्षांची, ती नुसती कुत्रीच बघत होती. पण आमच्या दाजींनी मधीच सुरू केलं, की शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत गोऱ्या माणसाची बायको काळी अन् वरून एवढा मोठा बंगला, असं कुठं असतंय का, उगं सगळ्यांना खूश करायला घुसवलंय. मला तेव्हा काही बोलता आलं नाही. रात्री पोरगी म्हणाली, "मम्मी, लेडीची मालकीण माझ्यासारखी सावळी हाय ना?" तिला रंगावरून येता जाता बोलतात, पाहुणे तर साय-हळद लावत जा म्हणून मलाच सांगतात, त्यामुळं ते वाक्य डोक्यातून जाईना झालंय. लेकरांच्या पिक्चरमधी असं मुद्दाम केलं तर वाईट काय? आणि आपल्याकडं कुत्र्यावरचा असा पिक्चर आहे का ज्यात सगळे बंगल्यातलेच नसतात?

परभणीकर७२
ताई, दाजींचं अर्धं खरं आहे. शूटिंग जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना गावात झालं आणि तिथं त्या काळात काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला कायद्यानंच बंदी होती, असे कायदे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९६७ साली 'लव्हिंग' खटल्यात रद्द केले. मला स्वतःला हे खटकतं, कारण ज्यांनी सोसलं त्यांचं सोसणंच पुसून जातं. पण याच पिक्चरनं जुन्यातलं सयामी मांजरींचं गाणं काढलं ते मला शंभर टक्के पटलं, ते तिरपे डोळे, ते तोडकंमोडकं बोलणं, सगळी आशियाई माणसांची टिंगल होती. टिंगल काढणं वेगळं आणि इतिहास झाकणं वेगळं. सात वर्षांच्या लेकराला मात्र आत्ता एवढं सांगायची गरज नाही, तिला जे दिसलं ते तिच्यापाशी राहू द्या. मोठी झाली की १९६७ सांगा.

माळेगाव_जत्रा
सगळे माणसांवरच बोलायलेत, कुत्र्याचं कुणी बोलंना. ट्रॅम्पचं काम केलेला माँटी निवाऱ्यातून आणलेला होता, म्हणजे ज्याला कुणी घेत नव्हतं तोच हिरो झाला. आपल्याकडं बघा, 'हम आपके हैं कौन' मधी पांढरा झुपकेदार टफी, कन्नड '७७७ चार्ली' मधी लॅब्राडोर (चांगला पिक्चर आहे, मी रडलो). आपलं पश्मी, म्हणजे आपल्याकडचं शिकारी जातीचं कुत्रं, कुठंय? माझ्या मामाकडं होतं, काळं, कानावर अन् शेपटीवर रेशमासारखे लांब केस, कंबर एवढीशी की दोन हातात मावावी, दिवसभर कडब्याच्या गंजीच्या सावलीत पडून असायचं अन् कोल्ह्याची चाहूल लागली की मामा उठायच्या आधी ते बांधाच्या पल्याड. माळेगावच्या जत्रंत खंडोबापुढं लोक असली कुत्री मिरवतात. धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात लांडग्यासाठी काट्याचा पट्टा असतो, ते कुण्या लेकरानं पडद्यावर पाहिलंय का? आणि धनगर दाखवलाच तर आमची बोली त्याच्या तोंडी हसण्यापुरती. नामदेव महाराज इथलेच, नरसीचे, कुत्र्यानं पोळी पळवली तर तुपाची वाटी घेऊन मागं धावले म्हणतात, कुत्रं कुणाचं ते विचारलं नाही त्यांनी.

जालना_सिनेमा
'चिल्लर पार्टी' लावा, २०११ चा हिंदी. कॉलनीतल्या गाड्या धुणारा फटका नावाचा पोरगा अन् त्याचा रस्त्यावरचा कुत्रा भिडू, आधी कॉलनीतली पोरं त्याला जवळ येऊ देत नाहीत, मग भिडूसाठी मंत्र्यासमोर उभी राहतात. बालचित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक आहे त्याला. तमिळ 'परियेरुम पेरुमाल' (२०१८) पण आहे, त्यातली करुप्पी काळी शिकारी कुत्री अन् विषय जातीचा, सरळ सरळ. पण तो लेकरांना अजिबात दाखवू नका, करुप्पीचं सुरुवातीलाच जे होतं ते मला अजून विसरता येत नाही. तुम्ही स्वतः नक्की बघा.

लातूरची_माय
सगळ्यांचे आभार. काल 'चिल्लर पार्टी' बघितला. पोरगी अर्ध्यातच विचारायली, "फटक्याची मम्मी कुठंय?" मग कॉलनीत गाड्या धुवायला येणाऱ्या दादाचं नाव विचारलं तिनं, अन् मला तीन वर्षांत ते माहीतच नव्हतं. आज सकाळी विचारून घेतलं. माळेगाव दादा, एक सांगा, पश्मीचं पिल्लू लेकरांसोबत नीट राहतंय का, अन् फ्लॅटमधी त्याचे हाल होतील का?