चार-पाच लिटरची घरगुती बिअर : करणाऱ्यांनी आपले अनुभव इथे लिहा

काचेचाजार
माळा आवरताना पाच लिटरचा जुना जार आणि एअरलॉक (वायू बाहेर सोडणारं, हवा आत न घेणारं बूच) हाती लागला आणि हा धागा काढावासा वाटला. सुरुवात चार लिटरनेच करावी, हे माझं ठाम मत आहे. पण वीस लिटरची रेसिपी पाचाने भागली की चार लिटरची होते, असं नाही. तिथेच बहुतेकांचं बिघडतं.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा (मॉल्टचा) तयार अर्क. ५०० ग्रॅम कोरडी पावडर आणि शेवटी चार लिटर वर्ट (यीस्ट घालण्याआधीचं मॉल्टचं गोड पाणी), म्हणजे सुरुवातीची घनता (पाण्याची १ धरून) साधारण १.०४६. कडवटपणासाठी १० टक्के अल्फा ॲसिडचे (कडवटपणा त्यातून येतो) हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, ५ ग्रॅम घेऊन ६० मिनिटं उकळा. वासासाठी आणखी ५ ग्रॅम, गॅस बंद करताना. पावडर घालताना आधी गॅस बंद करा आणि ढवळून पूर्ण विरघळल्यावरच पुन्हा पेटवा, नाहीतर तळाला लागते. यीस्टचं ११.५ ग्रॅमचं पाकीट वीस-तेवीस लिटरसाठी असतं. इथे ३-४ ग्रॅम पुरे.

आता तुम्ही लिहा. कुठे बिघडतं तेही लिहा.

गाळसाक्षी
बाष्पीभवन! पसरट पातेल्यात तासाला दोन-अडीच लिटर सहज उडतं. वीस लिटरमध्ये ते जाणवत नाही, इथे निम्मी बॅच गेली. आधी नुसतं पाणी तासभर उकळून किती कमी होतं ते मोजा आणि तेवढं सुरुवातीलाच जास्त घ्या. नाहीतर उकळणं ३० मिनिटांवर आणा आणि कडवट हॉप्स तीसेक टक्क्यांनी वाढवा, ५ चे साडेसहा ग्रॅम. पण पिल्सनर मॉल्टपासून (अगदी फिकट मॉल्ट) करत असाल तर अर्ध्या तासावर येऊ नका. शिजवलेल्या मक्यासारखा वास देणारं डीएमएस उघड्या पातेल्यात, जोरदार उकळीतच उडतं. झाकण ठेवायचंच नाही.

दशांशग्रॅम
+१. आणि वजनकाटा ०.१ ग्रॅमचा हवा. एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा ५ ग्रॅम हॉप्सना चालत नाही.

नवाभिडू
वाचतोय. एक मूलभूत शंका: चुकलं तर विषारी होते का? घरचे हेच विचारतात.

मॉल्टमंडळ
@नवाभिडू, नाही. वर्ट उकळलेला, नंतर पीएच ४ ते ४.५ पर्यंत उतरतो, त्यात अल्कोहोल आणि हॉप्स. माणसाला आजारी पाडणारे जंतू त्यात तग धरत नाहीत. बिघडली तर आंबट होईल, औषधासारखा वास येईल, ओतून द्यावी लागेल. मिथेनॉलची भीती बिअरमध्ये नको. ऊर्ध्वपातन मात्र घरी करू नका, तो वेगळा आणि धोक्याचा विषय. बिअरचेही नियम जागोजागी वेगळे, आपल्याकडचा आधी पाहून घ्या. खरा धोका फुटणाऱ्या बाटलीचा. त्यावर कोणीतरी लिहा, मी कामात आहे.

अंशसेल्सिअस
तापमानावर कोणीच बोललं नाही? एल यीस्टला (साध्या तापमानाला काम करणारं बिअरचं यीस्ट) १८ ते २० अंश. हे खोलीचं नव्हे, जारच्या आतलं. किण्वन जोरात असताना आत २-४ अंश जास्त असतात. पहिले तीन दिवस सांभाळा, बिघाड तेव्हाच होतो. गरम झालं की फ्यूजेल अल्कोहोल वाढतं, घसा जाळणारी चव येते आणि ती मुरवून जात नाही.

जार पाण्याच्या टबात ठेवा, वरून ओला टी-शर्ट, समोर पंखा, टबात सकाळ-संध्याकाळ बर्फाची बाटली. चार लिटरचा हाच फायदा, बादलीत मावतं. पण लहान जार गारही पटकन होतो आणि गरमही पटकन होतो, म्हणून टबातलं पाणी भरपूर हवं. ज्यांच्याकडे गारवा जमतच नाही त्यांनी क्वाइक (नॉर्वेचं पारंपरिक) यीस्ट घ्यावं, ३० ते ४० अंशांत ते आनंदाने काम करतं.

गाळसाक्षी
क्वाइकला अनुमोदन. फक्त हलक्या वर्टमध्ये त्याला पोषण कमी पडतं, चिमूटभर यीस्ट न्यूट्रिअंट घाला.

पिशवीतलंधान्य
एक्स्ट्रॅक्ट झालं, आता पूर्ण धान्याचं लिहिते, तुकड्यातुकड्यात, मध्येच उठावं लागतंय.
भरडलेलं पेल मॉल्ट ९०० ग्रॅम, पाणी साडेसात लिटर, मोठी जाळीची पिशवी. पाणी ६८-६९ अंशांवर आणून धान्य सोडलं की ६६ ला स्थिरावतं. गुठळ्या फोडा. ६० मिनिटं.

पिशवीतलंधान्य
पुढे. लहान मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं धान्य) भराभर निवतो. पातेलं ब्लँकेटमध्ये गुंडाळा किंवा नुकत्याच कोमट करून बंद केलेल्या ओव्हनमध्ये ठेवा. ६३-६५ ला बीटा अमायलेज (स्टार्चची साखर करणारं एन्झाइम) जास्त चालतं, बिअर कोरडी होते. ६८-७० ला अल्फा अमायलेज, मग अंगाने भरलेली. म्हणून तीन अंश घसरले तर बिअर बिघडत नाही, वेगळी होते. पिशवी उचलून निथळा, खुशाल पिळा. पिळल्याने तुरटपणा येत नाही. तो येतो धान्य ७७ च्या वर नेलं आणि पीएच ६ च्या वर असला तर.

पीएचपट्टी
मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ ठेवा. थोडं अवांतर: पीएचची मोजपट्टीच बिअरच्या प्रयोगशाळेत जन्मली. सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ती मांडली. त्याच प्रयोगशाळेत १८८३ मध्ये हॅन्सेन यांनी शुद्ध यीस्ट वेगळं काढून वाढवलं. आपण पाकीट फाडून जे घालतो त्याची सुरुवात तिथली.

मॉल्टमंडळ
हे माहीत नव्हतं, मस्त!

नवाभिडू
उरलेल्या धान्याचं काय करायचं? टाकवत नाही.

पिशवीतलंधान्य
वाळवून, दळून पावात. पिठाच्या दहा-पंधरा टक्के, त्याहून जास्त घातलं तर पाव बसतो. त्याच दिवशी वाळवा, ओलं धान्य एका रात्रीत आंबतं.

शेपूटवाला
कुत्रा असेल तर एक महत्त्वाचं: हॉप्स कुत्र्यांना विषारी आहेत. अंगाचं तापमान भयानक वाढतं, जीव जाऊ शकतो. वापरलेले हॉप्ससुद्धा तितकेच. कचऱ्याच्या उघड्या डब्यात टाकू नका.

अंशसेल्सिअस
@शेपूटवाला, हे वर घ्यायला हवं. धन्यवाद.

फेसरक्षक
स्वच्छता. धुणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं. आधी सोडियम परकार्बोनेटच्या गरम पाण्यात भिजवून चिकटलेला थर काढा, कारण घाणीखाली निर्जंतुक होतच नाही. मग स्टार सॅन (न धुता चालणारं आम्लयुक्त जंतुनाशक), लिटरला दीड मिलि, एक-दोन मिनिटं. फेस राहिला तरी चालतो, पुन्हा धुऊ नका. ब्लीच टाळा, राहिलं तर क्लोरोफिनॉल, म्हणजे बँडेजचा वास. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असेल तरीही तोच वास. ते उकळून नीट जात नाही. त्यासाठी कॅम्पडेन (मेटाबायसल्फाइटची) गोळी, एक सुमारे ७५ लिटरला असते, म्हणजे आपल्या साडेसात लिटर पाण्याला दहावा हिस्सा, चुरून.

दशांशग्रॅम
निर्जंतुक करायचं ते उकळी संपल्यानंतर लागणारं. पातेलं, पिशवी, हॉप्सचा चमचा यांची काळजी नको. नवीन लोक तिथे दमतात आणि सायफनची नळी विसरतात.

काचेचाजार
बाटल्यांचं मीच लिहितो, मॉल्टमंडळ यांनी विचारलंय.

एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणजे झालं, असं धरू नका. बूच गळत असेल तर बुडबुडे येतच नाहीत आणि खोली तापली तर संपलेल्या बिअरमधूनही येतात. हायड्रोमीटर (घनता मोजणारी तरंगती नळी) लावा. तीन दिवसांच्या अंतराने आकडा तोच आला तर भरा. बाटलीत घनता ०.००२ ने उतरली तरी सुमारे एक व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाइतका) वायू वाढतो, ०.००४ ने दोन. काच फुटते ती याच्यामुळे. १.०४६ वरून १.०१० ला थांबली तर फरक गुणिले १३१.२५, म्हणजे अल्कोहोल सुमारे ४.७ टक्के.

साखर चार लिटरला २५ ग्रॅम, साधी. भांड्यात मिसळायला दुसरीकडे ओतू नका, एवढ्याशा बिअरला तितकीही हवा जड जाते. २५ ग्रॅम साखर उकळत्या पाण्यात विरघळवून एकूण ६० मिलि करा, सिरिंजने ३३० मिलिच्या प्रत्येक बाटलीत ५ मिलि. जारमधून थेट भरा, नळी तळाला टेकवून. गाळ वजा जाता अकरा भरतात.

नवाभिडू
हायड्रोमीटरला दर वेळी १०० मिलि जातंय, म्हणजे दोनदा मोजलं तर अर्धी बाटली कमी :(

गाळसाक्षी
@नवाभिडू, खरंय, जीव तुटतो. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वळण्यावरून साखर मोजणारं यंत्र) घ्या, दोन थेंबांत काम. पण किण्वन सुरू झाल्यावर अल्कोहोलमुळे आकडा खोटा येतो, दुरुस्तीचं गणित लावावं लागतं. आकडा बदलतोय का एवढंच बघायचं असेल तर दुरुस्तीशिवाय चालतो.

फेसरक्षक
एक बाटली प्लास्टिकची भरा. दाबून बघा, दगडासारखी कडक झाली की बाकीच्याही झाल्या. २० अंशांवर दोन आठवडे. त्याआधीच खूप कडक झाली तर सगळ्या फ्रिजमध्ये. काचेच्या हाताळताना जाड हातमोजे आणि चष्मा.

मॉल्टमंडळ
बाटल्या तपकिरीच. उजेडाने हॉप्सचा कडवट भाग फुटतो आणि स्कंक या प्राण्यासारखा उग्र वास येतो, हिरव्या काचेत उन्हात काही मिनिटांत.

नवाभिडू
एका ओळखीच्यांच्या बिअरला लोण्याचा वास येतोय. ओतायची का?

अंशसेल्सिअस
थांबा. डायअ‍ॅसिटिल आहे. अजून जारमध्ये असेल तर २०-२२ अंशांवर आणखी तीन दिवस, यीस्ट स्वतःच खाऊन टाकतं. हिरव्या सफरचंदाचा वास असेल तर तेच, घाई झाली. सोबत आंबट चव आणि वर पांढरा पापुद्रा असेल तर मात्र संसर्ग. नीट विचारा त्यांना, बाटलीत आहे की जारमध्ये?

नवाभिडू
जारमध्येच. नववा दिवस.

अंशसेल्सिअस
मग हात लावू नका म्हणावं.

पिशवीतलंधान्य
पावाचं प्रमाण हवं असेल त्यांना: ४०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम वाळलेलं दळलेलं धान्य, पाणी नेहमीपेक्षा ३० मिलि जास्त. ते पाणी फार पितं.