जुन्या लिंक्स मैदानाची पुनर्रचना करताना व्यावसायिक गोल्फपटू प्रथम काय पाहतो?

प्रश्न — मांद्रेकरीण

नमस्कार. मी लँडस्केप आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षात शिकते. या सत्रासाठी आम्हाला एक काल्पनिक प्रकल्प दिला आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील एका जुन्या लिंक्स मैदानाची पुनर्रचना व्यावसायिक गोल्फपटूकडे सोपवली आहे असे धरून त्याची कार्यपद्धती आराखड्यांसह मांडायची आहे. गोल्फ मी आजवर दूरदर्शनवर आणि गोव्यात सासष्टीतल्या एका हॉटेलच्या कुंपणाबाहेरून पाहिला आहे, तेवढाच. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधला, नांगराला निरुपयोगी असा वालुकामय पट्टा म्हणजे लिंक्स, इतके वाचून समजले.

पहिल्या आराखड्यात मी वाळूच्या दोन टेकड्या हलवल्या, एक तळे काढले आणि अठराही होलना (पहिल्या फटक्यापासून खळग्यापर्यंतच्या पट्ट्यांना) सारखी रुंदी दिली. मार्गदर्शक सरांनी तो परत करताना एवढेच म्हटले की हे मैदान फ्लोरिडात चांगले दिसेल. खेळाडूला असे काय दिसते की जे आम्हा आराखडा काढणाऱ्यांना दिसत नाही? आणि अशा जुन्या जागेत बदलाला वाव तरी किती असतो?

उत्तर — तारवटी (वास्को)

माझी उभी हयात जहाजावर गेली. डंडी बंदरात मुक्काम पडला की मी आगगाडीने कार्नोस्टी गावच्या लिंक्स मैदानावर जात असे, कारण ते मैदान गावाचे आहे आणि परक्यालाही पैसे भरून तिथे खेळता येते. खेळ माझा बेताचाच, पण पायाखालची जमीन लक्षात राहिली.

आपण कागदावरून सुरुवात केलीत, खेळाडू वाऱ्यापासून करतो. ज्याचे पोट चेंडूवर चालते तो माणूस टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभा राहिला की पहिल्यांदा वारा कुठल्या अंगाने येतो ते पाहतो आणि मग चेंडू कुठे पडेल यापेक्षा पडल्यावर कुठवर घरंगळत जाईल याचा हिशेब करतो. लिंक्सची जमीन वाळूची, कोरडी आणि टणक असते, म्हणून तिथे फटक्याचा उत्तरार्ध जमिनीवर घडतो. ग्रीनच्या (खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) तीस यार्ड अलीकडचा एखादा उंचवटा, जो आपल्या नकाशात समोच्चरेषेची किंचित वळलेली रेघ म्हणून दिसेल, तोच तो होल अवघड किंवा सोपा ठरवतो. तो सपाट केला की होल मेला, मग कितीही बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, खणा.

जेम्स ब्रेड यांचे उदाहरण अभ्यासावे. ते मूळचे सुतार. 1901 ते 1910 या काळात त्यांनी ओपन ही ब्रिटनमधली मानाची स्पर्धा पाच वेळा जिंकली आणि पुढे ब्रिटनभर मैदाने रचली व सुधारली. (बोट लागण्याच्या त्रासामुळे ते परदेशी जाण्याचे टाळत. आम्हा तारवटींना याचे हसू येते.) कार्नोस्टीत आधी ॲलन रॉबर्टसन या जुन्या व्यावसायिकांनी दहा होल आखले होते, 1867 मध्ये ओल्ड टॉम मॉरिस या त्यांच्यासारख्याच व्यावसायिकांनी ते अठरा केले आणि 1926 मध्ये ब्रेड यांनी त्या मैदानाला आजच्या जवळचे रूप दिले. स्कॉटलंडमधल्याच सेंट अँड्र्यूज गावचे ओल्ड कोर्स हे मैदान बहुतांशी सरळ जाते आणि सरळ परत येते, त्यामुळे वारा जाताना तोंडावर असला तर येताना पाठीवर मिळतो. कार्नोस्टीत मात्र लागोपाठच्या दोनांहून अधिक होलची दिशा सहसा एक नसते. तिथे वारा दर थोड्या वेळाने नवे कोडे घालतो आणि खेळाडूला त्याची सवय होऊ देत नाही. असा क्रम लावण्याची बुद्धी त्यालाच सुचते, ज्याने वाऱ्यात स्पर्धा हरल्याही आहेत.

दूर उत्तरेला ब्रोरा येथेही ब्रेड यांचे काम आहे. तिथे मेंढ्या-गुरे मैदानावर चरत आणि ग्रीनभोवती विजेच्या तारेचे कुंपण असे. आपल्याकडे कापणीनंतर शेतात गुरे सोडतात, त्या मानाने तिथले दृश्य मला परके वाटले नाही.

उत्तर — फोंड्याचा वाचक

तारवटीकाकांच्या अनुभवाबद्दल आदर ठेवून विरुद्ध बाजू मांडतो. किनाऱ्यावरील मैदानांचे उत्तम काम करणाऱ्यांत हॅरी कोल्ट हे पेशाने वकील होते आणि ॲलिस्टर मॅकेंझी हे डॉक्टर. व्यावसायिक खेळाडूचा मोठा दोष असा की तो नकळत स्वतःच्या फटक्यासाठी मैदान रचतो. ज्याचा चेंडू सवयीने उजवीकडे वळतो त्याच्या होलना उजवी वळणे अधिक पडतात, आणि दीडशे यार्डांपलीकडे चेंडू न जाणाऱ्या सत्तरीच्या सभासदाची त्याला आठवणही होत नाही.

आयर्लंडमधील लाहिंच पाहा. ओल्ड टॉम यांनी रचलेल्या या मैदानाची पुनर्रचना 1927 मध्ये मॅकेंझी यांनी केली, तरी क्लॉंडाइक आणि डेल हे दोन जुने होल क्लबने राखून ठेवले. डेलचे ग्रीन टेकड्यांच्या कुशीत दडलेले आहे. टीवरून ते दिसतच नाही, म्हणून टेकडीवर पांढरा दगड ठेवून नेम कुठे धरायचा ते सांगतात. आजच्या व्यावसायिकाला न दिसणारे लक्ष्य अन्याय वाटते. त्याच्या हाती निर्णय असता तर ती टेकडी कधीच कापली गेली असती, असे मला वाटते.

उत्तर आयर्लंडमधील रॉयल पोर्टरशचेही तेच. ओपन स्पर्धा 1951 नंतर थेट 2019 मध्ये तिथे परतणार होती. तेव्हा मार्टिन एबर्ट यांनी शेवटचे दोन सपाट होल वगळले आणि शेजारच्या व्हॅली मैदानाच्या टेकड्यांतून सातवा व आठवा असे दोन नवे होल काढले. मोकळी झालेली सपाट जागा प्रेक्षक आणि तंबू यांच्या कामी आली. हे ज्याने केले तो व्यावसायिक वास्तुकार आहे, विजेता खेळाडू नव्हे.

उत्तर — हिरवळीवरचा माळी (काणकोण)

मी हॉटेलांच्या हिरवळी सांभाळतो, म्हणून माझ्या कामापुरतेच सांगतो. लिंक्सचे गवत फेस्क्यू जातीचे, बारीक पात्याचे असते. त्याला थंडी आणि कोरडी वाळू मानवते, खत व पाणी फार झाले तर दुसरी गवते त्याला मागे सारतात. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्याकडे तीन हजारांच्या घरात. आपल्या हवेत हरळी किंवा पास्पालम लावावे लागते आणि त्यात चेंडू रुततो, घरंगळत नाही. त्यामुळे आराखड्यात ठिकठिकाणी पाण्याचे फवारे दाखवले असतील तर ते आधी कमी करा.

बंकरच्या उभ्या भिंती गवताच्या चकत्या एकावर एक रचून करतात, चिऱ्याचा गडगा घालावा तशा. वाऱ्याने वाळू उडून जाऊ नये यासाठी त्या खोल असतात. ऊन-पावसाने त्या काही वर्षांत ढासळतात आणि पुन्हा बांधाव्या लागतात, म्हणून बंकरची संख्या ठरवताना तो बांधणाऱ्या माणसांची संख्याही मोजावी. ओल्ड कोर्सवर 112 बंकर आहेत.

ओल्ड टॉम स्वतः मैदानाची निगा राखत. ग्रीनवर वाळू टाकून गवत सुधारते हे त्यांनी कामातून शिकून घेतले होते. व्यावसायिक खेळाडू आणि माळी हे तेव्हा एकाच माणसाचे दोन धंदे होते.

उत्तर — मर्यादवेल (पेडणे)

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, त्यामुळे टेकड्या हलवण्याविषयी बोलणे मला भाग आहे. मांद्रे-मोरजीच्या वाळूच्या टेकड्या जशा मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा यांच्या मुळांनी धरून ठेवल्या आहेत, तशा तिकडच्या टेकड्या मॅरम गवताने धरल्या आहेत. मूळ तुटले की वाळू चालू लागते. आपल्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सर्वाधिक संरक्षित वर्गात आहेत, हे आपल्याला ठाऊक असेलच.

खेळाडू-रचनाकारांनाही याची किंमत मोजावी लागली आहे. आयर्लंडमधील डूनबेग येथे ग्रेग नॉर्मन यांना एका चिमुकल्या संरक्षित गोगलगायीमुळे टेकड्यांचा काही भाग सोडून होल आखावे लागले. ते मैदान 2002 मध्ये सुरू झाले. उत्तर स्कॉटलंडमधील कूल लिंक्सच्या प्रस्तावाशी बेन क्रेनशॉ आणि त्यांचे सहकारी रचनाकार बिल कूर यांची नावे जोडलेली होती. क्रेनशॉ हे दोन वेळा मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकलेले खेळाडू आणि जमिनीला कमीत कमी हात लावण्यासाठी नावाजलेले, तरीही फेब्रुवारी 2020 मध्ये स्कॉटिश सरकारने परवानगी नाकारली. हात हलका असला तरी काही जागांना हातच लागू नये, असे माझे मत आहे. आपला प्रकल्प जुन्या मैदानाचा आहे हे बरे, निदान नवी टेकडी मोडावी लागणार नाही.

मांद्रेकरीण

सर्वांचे मनापासून आभार. तळे काढून टाकले, टेकड्या जागच्या जागी ठेवल्या. एक अडचण उरते. आजचे खेळाडू चेंडू इतका लांब मारतात की जुने मैदान तोकडे पडते. फोंड्याच्या वाचकांनी सांगितलेल्या सत्तरीच्या सभासदाला न दुखावता यावर उपाय कसा करावा?

उत्तर — तारवटी (वास्को)

फोंड्याच्या वाचकांचा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. स्वतःपुरते रचणारे खेळाडू आहेतच. परंतु क्रेनशॉ आणि कूर यांनी अमेरिकेतील पाइनहर्स्ट क्रमांक दोनचे काम कसे केले ते पाहावे. ते मैदान लिंक्स नव्हे, पण वाळूवरचे आहे. त्यांनी 1943 ची जुनी हवाई छायाचित्रे मिळवली, जुन्या पाण्याच्या नळाच्या रेषेवरून मूळ फेअरवे (टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) कुठे होते ते शोधले आणि सुमारे 35 एकर गवत उपटून वाळू पुन्हा उघडी केली. 2014 मध्ये तिथेच पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन लागोपाठच्या आठवड्यांत झाली. आपल्या प्रकल्पातही पहिला कागद जुन्या नकाशाचा असावा.

लांबीचे उत्तर ओल्ड कोर्सच्या सतराव्या होलवर आहे. 2010 च्या ओपनपूर्वी फक्त टी मागे, जुन्या रेल्वेमार्गाच्या पलीकडे नेली. ग्रीन आणि त्याला खेटून असलेला बंकर जिथल्या तिथे राहिले. सभासद जुन्या टीवरूनच खेळतो, त्याच्या वाट्याला पूर्वीचाच होल येतो. दुसरा उपाय कोनाचा. त्याच होलवर उजवीकडे, मैदानाच्या हद्दीला चिकटून चेंडू ठेवणाऱ्याला ग्रीनचा सोपा मार्ग मिळतो आणि भिऊन डावीकडे गेलेल्याला तो बंकर आडवा येतो. म्हणून फेअरवे रुंदच ठेवावा, अठराही होलना सारखा मात्र नव्हे. म्हातारा डावीकडून तीन फटक्यांत सुखरूप पोचतो, तरुणाला दोन फटक्यांत पोचायचे तर धोका पत्करावा लागतो.

आणि शक्य झाल्यास एखाद्या रविवारी सेंट अँड्र्यूजला जावे. ओल्ड कोर्स त्या दिवशी एरवी खेळासाठी बंद असते आणि गावातली माणसे कुत्री, बाबागाड्या घेऊन फेअरवेवरून फिरतात. मी तिथला उंचसखलपणा तसाच, काठी टेकत चालून शिकलो.