मदत हवी आहे: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात सोल्युशन हुंगणाऱ्या मुलांचे काय करावे?

वाळपईजवळच्या गावात १३ ते १५ वयाची पाच-सहा मुले पंक्चरचे सोल्युशन रुमालावर पिळून हुंगतात. मैदानामागे चपट्या ट्यूबा आणि कडक झालेले रुमाल सापडतात. 

दुकानदारांना सांगून झाले. मुले आता दुरुस्तीच्या किटमधली ट्यूब काढतात. लघवीतून नशा तपासणारी पट्टी निगेटिव्ह आली. येणारच, ती गांजा-अफू दाखवते, टोल्युइन (सोल्युशनमधले नशा आणणारे द्रव्य) नाही. पाठलाग करून पकडणे मुद्दाम बंद केले आहे: हुंगलेले मूल दचकून धावले तर हृदयाची लय बिघडून जागीच दगावू शकते. मुलांना नशेचे पदार्थ देणाऱ्याला शिक्षा सांगणाऱ्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये दारू, तंबाखू, अमली पदार्थ आहेत, सोल्युशनचा उल्लेखच नाही.

१४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आणि बांबोळीच्या सरकारी इस्पितळाची ओपीडी माहीत आहे. पण पालक रोजंदारीवर, दर आठवड्याला खाडा परवडत नाही. पोलीस आणि मुलांची नावे यात आणायची नाहीत.

शाळेतच समुपदेशन चालवलेल्यांनी सांगावे: अशा मुलांना एकेकटे बसवावे की गटात? गटात ती एकमेकांकडून नव्या युक्त्या शिकतात, ते कसे टाळलेत?