मदत हवी आहे: सागवानी खिडक्यांच्या बिजागऱ्यांचे रंगाखाली गाडले गेलेले स्क्रू कसे काढावेत?

मंडळी, दापोलीजवळ आमचं जुनं घर आहे. तिथल्या खिडक्यांच्या बिजागऱ्या बदलायच्या आहेत. झडपा सागवानी, लाकूड अजून ठणठणीत. बिजागऱ्या मात्र लोखंडी, त्यात समुद्र जवळ. काही झडपा खाली उतरून चौकटीला घासतात.

घोडं अडलंय स्क्रूंवर. गणपती जवळ आले की खिडक्यांना हिरवा ऑइलपेंट मारायचा हा घरचा शिरस्ता, आणि आधीचा रंग खरवडायच्या भानगडीत कोणी पडलेलं नाही. स्क्रू कुठे आहे ते बोटाने चाचपून शोधावं लागतं. खरवडल्यावर खाली सरळ खाचेचे निघाले, स्टारचे नाहीत.

गावातल्या सुताराने बॅटरीवरचा ड्रिल लावून पाहिला. खाचांच्या कडा गेल्या, स्क्रू तसूभर हलले नाहीत. आता त्याचं म्हणणं, चौकटीसकट काढा आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवा. ते करायचं नाहीये.

डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा तेलकट फवारा) किंवा रॉकेल आत सोडलं तर उपयोग होतो का? हीट गन वापरावी का? आणि डोकं तुटून दांडी आतच राहिली तर काय करायचं? स्वतः हे काम केलेल्यांनी कृपया सांगा. झडपेला चरे पडू नयेत एवढीच अट.

प्रतिसाद
ग्राइंडरने बिजागरीच कापा. अर्ध्या दिवसात मोकळे व्हाल.

धागाकर्ता
पट्टी चौकटीत खोबणी करून बसवली आहे हो. चकती लाकडात जाणारच. शिवाय ठिणग्या आणि वाळकं लाकूड शेजारी शेजारी नकोत.

प्रतिसाद
ग्राइंडर नकोच. ड्रिलही आत्ता बाजूला ठेवा, हे हाताचं काम आहे.

सगळी मेख खाचेत आहे. खाचेत रंग असेल तर स्क्रू ड्रायव्हर तळापर्यंत जात नाही, वरच्या वर घसरतो आणि कडा खातो. हॅक्सॉच्या तुटक्या पात्याचा तुकडा घ्या आणि खाच लोखंडाची चमक दिसेपर्यंत, अगदी टोकापर्यंत साफ करा. मग कटरने डोक्याभोवती गोल चीर द्या. ऑइलपेंटचे थर डोकं आणि पट्टी यांना एकत्र धरून ठेवतात, ती पकड आधी तुटली पाहिजे. बिजागरीच्या कडेनेही तशीच चीर द्या, नाहीतर पट्टी उचलताना रंगाबरोबर लाकडाची ढलपी निघते.

स्क्रू ड्रायव्हर खाचेच्या पूर्ण लांबीचा आणि खाचेत घट्ट बसणारा हवा. पातं गोल झालं असेल तर कानशीने सरळ करून घ्या. तो खाचेत उभा धरून हातोडीचे चार-पाच चांगले ठोके द्या. लोखंड गंजलं की फुगतं आणि लाकडात आवळून बसतं. ठोक्याने तो गंज सुटा होतो. नंतर आधी किंचित आवळा, मग सोडवा. उलटं वाटेल, पण आवळताना 'कट्' असा आवाज आला की काम झालं. थोडं सोडवायचं, परत आवळायचं, परत सोडवायचं. अंगाचा भार स्क्रू ड्रायव्हरवर हवा, मनगटावर नाही.

तेलाबद्दल माझं मत वेगळं आहे. नटबोल्टला ठीक, लाकडातल्या स्क्रूला नाही. आट्यांपर्यंत ते फारसं पोचत नाही, लाकूड मात्र पिऊन घेतं आणि पुढे तिथे रंग धरत नाही. त्यापेक्षा सोल्डरिंग आयर्नचं टोक मिनिट-दोन मिनिटं डोक्यावर टेकवा. लोखंड तापून किंचित फुगतं, निवताना आक्रसतं, तेवढ्याने पकड ढिली होते.

कडा गेलेल्या स्क्रूंना हॅक्सॉने खाच खोल करून घ्या. तेही जमलं नाही तर मधोमध पंच मारून लोखंडात भोक पाडायच्या बिटने, आधी बारीक आणि मग दांडीपेक्षा जरा जाड, फक्त डोकं ड्रिल करून उडवा. पट्टी मोकळी होते आणि दांडीचं टोक दोन-तीन मिलिमीटर वर राहतं. ते ग्रिप प्लायरने धरून फिरवा.

खालची बिजागरी आधी, वरची शेवटी. झडपेखाली पाचर ठोकल्याशिवाय सुरू करू नका, सागवानी झडप पायावर पडली की कळतं.

प्रतिसाद
वरच्याशी सहमत, पण रंगाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता बरीच असते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६चे आहेत, ते लागू झाले २०१७च्या नोव्हेंबरात. तुमचे खालचे थर त्याआधीचेच असणार. कोरडं घासू नका, जाळू तर अजिबात नका. पाणी मारून ओलं खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, चांगला मास्क लावा. लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असतील तर त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. हीट गनचा मोह टाळा, सोल्डरिंग आयर्नही रंग पूर्ण काढलेल्या डोक्यावरच टेकवा.

धागाकर्ता
सर्वांचे आभार. आवळून सोडवायची युक्ती लागू पडली! एका खिडकीचे बहुतेक स्क्रू शाबूत निघाले. कडा गेलेल्यांची डोकी उडवली. एक दांडी मात्र लाकडाच्या पातळीतच तुटली, प्लायरला धरायला काही नाही. बिजागरी तिथेच बसवायची आहे. आणि नवे स्क्रू पितळी घ्यावेत का?

प्रतिसाद
दांडीभोवती बारीक भोकं पाडून ती उपटा. भोक गोल करून त्यात सागाचीच खुंटी फेविकॉल लावून ठोका, दुसऱ्या दिवशी पटाशीने सपाट करा. समुद्राजवळ पितळी चांगले, पण पितळ मऊ, सागात थेट पिळलंत तर मान तुटेल. आधी गिरमिटाने भोक, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून आटे पाडून घ्या, तो काढा आणि पितळी स्क्रूला मेण किंवा साबण लावून बसवा. बिजागऱ्याही पितळीच घ्या, लोखंडी पट्टीत पितळी स्क्रू घातला तर खाऱ्या हवेत पट्टी लवकर गंजते. पुण्यात असाल तर बोहरी आळीत, मुंबईत लोहार चाळीत बघा. जुना स्क्रू नमुन्याला खिशात ठेवा.